इदालबेर्तोचा वरचा आकडा

शनिवारी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी इदालबेर्तो साविन्येचा रक्तदाब एकशे बहात्तर भरला. खालचा आकडा अठ्ठ्याण्णव होता, पण तो कोणी लक्षात ठेवला नाही. साडेसातच्या आत बातमी पायऱ्यांच्या गल्लीतून खाली उतरली आणि उतरता उतरता वाढली. कोपऱ्यावर डॉमिनो खेळणाऱ्यांपर्यंत ती दोनशे दहा होऊन पोहोचली. त्यांच्यातल्या एकाने हातातली सोंगटी ठेवून टोपी काढली.

त्या वेळी इदालबेर्तो वर दवाखान्यात स्टुलावर बसून भांडत होता.

"मशीन बिघडलंय तुझं."

"मशीन ठणठणीत आहे, काका," डॉक्टर यानेत्सी दंडावरचा पट्टा सोडवत म्हणाली. "तुम्ही आत्ता आलात कुठून, ते सांगा."

"बागेतून. आजी-आजोबा मंडळाची कवायत आटोपली, तसा थेट इथे."

"पायऱ्या चढून?"

"नाही, उडत. तुझ्या दवाखान्याला दुसरा रस्ता आहे का, पोरी?"

"आणि कॉफी?"

"अर्धा कप." ती बघत राहिली तेव्हा तो म्हणाला, "बरं, दोन. पण कप बघ ना केवढे असतात."

यानेत्सी याच गल्लीत वाढलेली. तिच्या पंधराव्या वाढदिवसाला इदालबेर्तोनेच सनई वाजवली होती. त्यामुळे तिला त्याच्यावर रागावण्याचा हक्क होता आणि त्याला तिचं न ऐकण्याचा.

"धावून आलेल्या घोड्याची छाती बघून त्याला कोणी आजारी ठरवतं का?" ती म्हणाली. "हातपाय हलले की हृदय जोर लावतं, वरचा आकडा चढतो. चढायलाच हवा. चूक माझीच, तुम्हाला आल्या आल्या मोजायला नको होतं. आता अर्धा तास इथे गप्प बसा. बोलायचं नाही, पायावर पाय टाकायचा नाही. मग खरा आकडा कळेल."

अर्धा तास गप्प बसणं इदालबेर्तोला जमलं असतं का, हे कळायला मार्ग नाही. बसून पाच मिनिटं झाली असतील नसतील, खालून कोणीतरी ओरडून विचारलं की फुलं घरी पाठवायची की थेट स्मशानात. त्याचा समाचार घ्यायला इदालबेर्तो तरातरा पायऱ्या उतरून गेला. दुसरं मोजमाप राहूनच गेलं. गल्लीच्या हाती एकच आकडा उरला, आणि तो नेरेइदाच्या कानावर गेला.

नेरेइदा त्याची बायको. ती दारात उभीच होती.

"ये म्हाताऱ्या, ये. दोनशे दहा म्हणे. आता सनईची काय गरज? नुसता उभा राहा, कानातून शिट्ट्या निघतील."

"एकशे बहात्तर," इदालबेर्तो म्हणाला. "आणि तेही पायऱ्या चढून आल्या आल्या. डॉक्टर म्हणाली, हे धरायचं नाही."

"सोयीचं असतं ते तुझ्या बरं लक्षात राहतं."

हसण्याखाली दोघांनाही ठाऊक होतं की प्रश्न पुढच्या शनिवारचा आहे. पुढच्या शनिवारी कार्निवलची कोंगा निघणार होती. पायऱ्यांच्या गल्लीची कोंगा म्हणजे वीस-बावीस ढोल, लोखंडावर लोखंड हाणणारे चौघे, मागे लोटलेलं अख्खं सांतियागो शहर आणि पुढे एक चिनी सनई. ढोल थकले तर दुसरे येतात. सनई एकच असते. ती इदालबेर्तोच्या तोंडी होती, त्याआधी त्याच्या बापाच्या.

मागच्या वर्षी बेकरीच्या वळणावर, ऐन रंगात आलेली धून सोडून, इदालबेर्तो भिंतीला टेकला आणि टेकल्या टेकल्या खाली बसला. त्याला ढोलाच्या गाड्यावर घालून घरी आणलं. तीन दिवसांनी तो हिंडू-फिरू लागला आणि म्हणू लागला की ऊन फार होतं. कोंगा सूर्यास्तानंतर निघाली होती, हे नेरेइदाने त्याच्या लक्षात आणून दिलं. मग सांता बार्बराच्या तसबिरीसमोर त्याला उभं करून तिने वचन घेतलं. रोज गोळी, रोज सकाळी बागेतली कवायत, आणि कार्निवलच्या शनिवारी यानेत्सी प्रेशर मोजेल. वरचा आकडा एकशे चाळीसच्या आत असेल तर सनई त्याची. नसेल तर सनई रेइनेरिओची.

रेइनेरिओ नेरेइदाचा धाकटा भाऊ. तो सनई वाजवतो असं म्हणण्याची पद्धत आहे. एकदा तो परसात सराव करत असताना टेकडीपलीकडचा एक माणूस दोर घेऊन आला होता, आपली शेळी कुठे अडकली ते बघायला.

त्याच शनिवारी दुपारी रेइनेरिओ तब्येतीची चौकशी करायला आला. हातात तेलकट कागदाची पुडी होती.

"दाजी, तुमच्यासाठी. डुकराची कातडी, ताजी तळलेली. मीठ जरा जास्त झालंय, पण तुम्हाला तसंच आवडतं ना?"

इदालबेर्तोने पुडीकडे बघितलं, मग मेहुण्याकडे. "तू माझं चांगलं चिंततोस की सनईचं?"

"असं काय बोलता! मी तर कोणी विचारलं की सांगतो, दाजी अजून खूप वर्षं जगतील. फक्त फुंकायचं नाही."

पुडी नेरेइदाने उचलली आणि शेजारच्या कुत्र्याला घातली. कुत्रा दिवसभर पाणी पीत होता.

रविवारी इदालबेर्तोने विचार केला. त्याचा विचार सरळ होता, आणि चूकही त्या सरळपणातच होती. हालचाल केली की आकडा चढतो, हे खुद्द डॉक्टरने सांगितलं होतं. तर मग हालचालच करायची नाही. सोमवारी तो कवायतीला गेला नाही. मंगळवारीही गेला नाही. मंगळवारी सकाळी मोजायचं ठरलं होतं, म्हणून तो उजाडल्यापासून छतावर नजर लावून पडून राहिला. नेरेइदाने आणलेला गवती चहाचा काढासुद्धा मान न उचलता नळीने प्यायला.

"असा लग्नानंतर पहिल्यांदाच शांत दिसतोयस," ती म्हणाली. "पाद्री बोलावू की फोटोवाला?"

अडचण उरली पायऱ्यांची. दवाखाना गल्लीच्या माथ्यावर, घर पायथ्याशी. ती अडचण कोंगातल्या ढोलवाल्यांनी सोडवली, कारण रेइनेरिओची सनई पुढे घेऊन चालण्याची धास्ती त्यांनाच सगळ्यात जास्त होती. चौघे धिप्पाड गडी आले. त्यांनी पडवीतली झुलती खुर्ची उचलली, तीत इदालबेर्तोला बसवलं आणि खुर्ची खांद्यावर घेतली.

झुलती खुर्ची सपाट जमिनीवर झुलते तेव्हा बरं वाटतं. पायऱ्यांवर, खांद्यावर, पुढचे दोघे वर आणि मागचे दोघे खाली असताना ती झुलते तेव्हा माणसाला आपले सगळे दिवंगत नातेवाईक आठवतात. इदालबेर्तोने खुर्चीचे दोन्ही दांडे घट्ट आवळले. खिडक्या उघडल्या. एका म्हातारीने छातीवर क्रूसाची खूण करून विचारलं, "आज कोणत्या संताचा सण आहे गं?"

"संत इदालबेर्तोचा!" समोरच्या सज्जातून उत्तर आलं. "कॉफी पिणाऱ्यांचा कैवारी!"

"जरा हळू रे!" इदालबेर्तो ओरडत होता. "डावीकडे! माझ्या डावीकडे, गाढवा!"

"दाजी, बोलू नका, प्रेशर चढेल," मागून रेइनेरिओ म्हणाला. पोरं टाळ्या वाजवू लागली. अर्ध्या वाटेवर ढोलवाल्यांना ठेका सापडला आणि खुर्ची त्या ठेक्यावर झुलू लागली.

दवाखान्यात यानेत्सीने मोजलं. एकशे चौसष्ट.

"पण मी पाऊलसुद्धा टाकलं नाही!"

"हात दाखवा."

त्याने हात पुढे केले. तळव्यांवर खुर्चीच्या दांड्याची नक्षी उमटली होती.

यानेत्सीला आधी हसू आवरेना, मग ती म्हणाली, "काका, मुठी आवळून श्वास रोखणं हाही व्यायामच आहे, आणि प्रेशर चढवायला तो चालण्यापेक्षा वाईट. वर आरडाओरडा, वर भीती. खुर्चीवाले चौघे घाम गाळून आले, तरी त्यांचा आकडा तुमच्याहून बरा निघेल." पट्टा सोडवत तिने विचारलं, "आणि कवायत का बुडवली?"

"आकडा चढू नये म्हणून."

"उलटं केलंत. उद्यापासून जा. आणि गोळी?"

"ती घेतो. तुझ्या काकूची शपथ."

"तिची नको, तुमची स्वतःची घ्या."

परत जाताना तो पायी गेला. उतरताना चौघांनी रिकामी खुर्ची मात्र वाजतगाजत नेली.

गुरुवारी जे घडलं ते कोणी ठरवलेलं नव्हतं. सकाळी इदालबेर्तो बागेत गेला. मंडळातल्या बायांनी त्याला संत म्हणून हाक मारली, हात उंच करण्याच्या व्यायामात आशीर्वाद मागितले. त्याने तोंड बंद ठेवून पूर्ण कवायत केली, तळ्याला फेऱ्या मारल्या, घरी येऊन पडवीत बसला आणि काही न करता झुलत राहिला. कॉफी नेरेइदाने दिली नाही. बऱ्याच वेळाने यानेत्सी घरोघरच्या फेरीवर निघालेली तिथून गेली. समोरच्या घरात नवजात बाळ बघायचं होतं. तिने सहज पिशवीतून पट्टा काढला.

"आलेच आहे तर बघते."

तिने रबरी फुगा दाबला, काटा वर गेला, मग कानाला स्टेथोस्कोप लावून ती हवा हळूहळू सोडू लागली. इदालबेर्तोला ही रीत आता पाठ झाली होती. काटा उतरत असताना पहिला ठोका ज्या आकड्यावर ऐकू येतो, तो वरचा आकडा. त्याने श्वास रोखला नाही, मुठी आवळल्या नाहीत. समोरच्या तारेवर वाळत घातलेले बाळाचे लंगोट बघत राहिला.

"एकशे चौतीस," यानेत्सी म्हणाली.

"परत मोज."

"एकशे बत्तीस. काका, हीच तर गंमत आहे. व्यायाम चालू असताना आकडा चढतो. थांबलात, निवांत बसलात की तो खाली येतो, आणि पहिल्यापेक्षाही खाली उतरतो. रक्ताच्या नळ्या सैल पडतात म्हणा. काही तास तसाच राहतो."

इदालबेर्तोचे डोळे चमकले. "म्हणजे शनिवारी दुप्पट कवायत केली तर..."

"तर तुम्हाला खरंच गाड्यावर घालून आणावं लागेल. दुप्पट काही नाही. रोज, बेताने, वर्षभर. आजचं उतरणं म्हणजे उसनं आणलेलं पीठ आहे. रोज गेलात तर ते घरचं होईल."

"मला शनिवारपुरतं हवंय गं. उसनं चालेल."

हे सगळं नेरेइदा दारातून ऐकत होती. ती बाहेर आली. आता तिच्या बोलण्यात थट्टा नव्हती.

"एक विचारू, यानेत्सी? तू त्याला बसवून मोजतेस. गप्प, पाय खाली, श्वास संथ. तो काय शनिवारी खुर्चीत बसून वाजवणार आहे?"

यानेत्सीने पट्ट्याची गुंडाळी केली, पण पिशवीत टाकली नाही.

"गाल फुगवून, चालत, त्या गर्दीत, त्या आवाजात," नेरेइदा म्हणाली. "मागच्या वर्षी मी गाड्याच्या बाजूने धावत होते. सनई याने हातात धरलेली, सोडेना. मी तोंडाशी कान नेला, पण ढोल एवढे वाजत होते की याचा श्वास चालू आहे का तेच मला ऐकू येईना. बेकरीपासून घरापर्यंत मला माहीत नव्हतं. तुझ्या एकशे बत्तीसमध्ये ते येतं का?"

इदालबेर्तोने हे कधी ऐकलं नव्हतं. वर्षभरात तिने अनेक गोष्टी अनेकदा ऐकवल्या होत्या, ही सोडून. त्याने झुलणं थांबवलं.

"येत नाही," यानेत्सी म्हणाली. "तुमचं बरोबर आहे, काकू. वाजवताना मोजलं तर कोणाचाही आकडा चढलेलाच दिसेल, माझासुद्धा. चढतो किती, यापेक्षा बसल्यावर किती लवकर उतरतो, ते बघायला हवं."

"मग तसं बघ. शनिवारी, कोंगा निघण्याआधी, इथे दारात. तो एक धून पूर्ण वाजवेल, बेकरीवर सोडलेली तीच. मग दहा मिनिटं बसेल. मग मोज. एकशे चाळीसच्या आत उतरला तर जाऊ दे त्याला."

"आणि वाजवताना चक्कर आली, छातीत काही झालं, तर तिथेच थांबायचं," यानेत्सी म्हणाली. "मी आकड्याची वाट बघणार नाही."

"कबूल," इदालबेर्तो म्हणाला. त्याला कोणी विचारलं नव्हतं.

"आणि नियम सगळ्यांना सारखा," नेरेइदा पुढे म्हणाली. "जो सनई वाजवणार त्याचं प्रेशर मोजायचं. रेइनेरिओचंही."

रेइनेरिओ नेमका त्या वेळी दुसरी पुडी घेऊन फाटकातून आत येत होता. आयुष्यात त्याने दंडाला पट्टा लावून घेतला नव्हता, आणि त्याच जोरावर आपलं प्रेशर कधीच वाढलेलं नाही असं तो सांगत असे.

"माझं कशाला, ताई? माझं घोड्यासारखं आहे."

"म्हणूनच तर," यानेत्सी म्हणाली. "बसा मामा, दोन मिनिटांचं काम आहे."

"आज नको. दूध उतू जाईल घरी."

"तू कधीपासून दूध तापवतोस?" नेरेइदाने विचारलं. पण तोवर तो वळणापलीकडे गेला होता. पुडी फाटकावर राहिली. कुत्र्याने वास घेतला आणि निघून गेला.

तेव्हापासून रेइनेरिओचं वागणं बदलल्याचं अनेकांनी पाहिलं. शुक्रवारी त्याने दाजींसाठी काकडी आणि पपई आणली. दाजींच्या दारावरून जाणाऱ्यांना तो हळू बोला म्हणून दटावू लागला. चर्चमध्ये त्याने मेणबत्ती लावली असंही म्हणतात. तो ते नाकारतो.

शनिवारी सकाळी इदालबेर्तोने कवायत केली, एकपटच. दुपारी तो झोपला. पाच वाजल्यापासून ढोल कोपऱ्यावर जमू लागले आणि साडेपाचला गल्लीत पाऊल ठेवायला जागा उरली नाही. झुलती खुर्ची दारात मांडली होती, तीत कोणी पोरांनी रंगीत कागदाची फुलं खोवली होती.

सहाच्या सुमाराला इदालबेर्तो बाहेर आला. त्याने सनईची पात ओली केली. नेरेइदा खुर्चीमागे उभी राहिली, दोन्ही हात खुर्चीच्या पाठीवर ठेवून.

"बघ हं," तो तिला म्हणाला. "यंदा ऊन नाही."

"वाजव, बोलू नकोस."

त्याने गाल फुगवले. धून त्या जागेपर्यंत आली, जिथे ती मागच्या वर्षी बेकरीच्या वळणावर तुटली होती. तिथे क्षणभर गल्लीतल्या कोणी पापणी हलवली नाही. धून वळली, पुढे गेली, चढली, खाली आली आणि संपली. टाळ्यांचा कडकडाट झाला. इदालबेर्तोचा चेहरा तांब्याच्या भांड्यासारखा लाल झाला होता. यानेत्सीने त्याला निरखून पाहिलं, डोकं गरगरतंय का, छाती भरून आलीय का, विचारलं. त्याने दोन्ही वेळा मान हलवून नाही म्हटलं. मग तो बसला. पाय खाली, हात सैल. रेइनेरिओ त्याला पुठ्ठ्याने वारा घालू लागला.

"दाजी, समुद्राचा विचार करा. सपाट समुद्राचा."

"तू गप्प राहिलास तर करीन."

दहा मिनिटांनी यानेत्सीने दंडाला पट्टा बांधला, स्टेथोस्कोप कानाला लावला आणि फुगा दाबला. काटा दोनशेपर्यंत गेला. तिने हवा सोडायला सुरुवात केली, आणि लगेच थांबवली.

"काही ऐकू येत नाही. हे ढोल."

कोपऱ्यावरचे ढोल वाजतच होते. तिकडच्यांना धून ऐकू आली होती, म्हणजे निघायची वेळ झाली असं ते समजले होते. यानेत्सीने सगळी हवा सोडून पट्टा सैल केला. "मिनिटभर थांबून पुन्हा भरते. पण शांतता हवी."

नेरेइदा खुर्चीमागून बाहेर आली. ती गर्दीतून वाट काढत कोपऱ्याकडे गेली, ढोलवाल्यांसमोर उभी राहिली आणि तिने दोन्ही हात वर केले. ती काय म्हणाली ते इथवर ऐकू आलं नाही. आधी लोखंड थांबलं. मग पुढची रांग, मग मागची. शेवटी वळणावरचा एकटा ढोल राहिला, त्याच्या पाठीत कोणीतरी चापट मारली. कार्निवलच्या शनिवारी पायऱ्यांच्या गल्लीत सुकत घातलेल्या चादरींची फडफड ऐकू आली. असं याआधी झाल्याचं कोणाला आठवत नाही.

नेरेइदा परत आली आणि या वेळी खुर्चीच्या मागे नाही, शेजारी उभी राहिली. इदालबेर्तोने मूठ आवळली नाही. आवळायची नसते, हे त्याला आता माहीत होतं. त्याने तळवा उताणा ठेवला आणि तिने त्यावर आपला हात ठेवला.

यानेत्सीने फुगा दाबला. काटा वर गेला आणि परत फिरला. एकशे ऐंशी, एकशे सत्तर. रेइनेरिओचे डोळे मिटलेले होते. एकशे साठ. यानेत्सीची मान तशीच खाली. एकशे पन्नास.

सहा वाजून वीस मिनिटांनी काटा एकशे चव्वेचाळीसवर होता आणि हळूहळू उतरत होता. डॉक्टरला पहिला ठोका अजून ऐकू आला नव्हता.